यादीतलं शेवटचं नाव

मी बोलायला शिकवतो. म्हणजे पोटासाठी तेच करतो. इस्लामपुरातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या मुलांना भाषणकौशल्याचा पेपर असतो, तो माझ्याकडे आहे. सभेत उभं कसं राहायचं, हात कुठं ठेवायचे, श्वास कुठं घ्यायचा, पहिलं वाक्य केवढं असावं, हे वर्षभर सांगतो आणि शेवटी एकेकाला पाच मिनिटं उभं करून मार्क देतो. टेबलावर पितळेची घंटी असते. चौथ्या मिनिटाला एकदा, पाचव्याला दोनदा. दोनदा वाजली की वाक्य अर्धं राहिलं तरी बसायचं. मुलं मला माघारी 'घंटी सर' म्हणतात. म्हणू देत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडलांना सही यायची, तेवढीच. आमचं गाव शिराळ्याच्या पुढं. पहिल्या वर्षी वर्गात उत्तर द्यायला उठलो आणि "आमी" म्हणालो, तर सगळा वर्ग हसला, शिकवणारे सरही हसले. त्यानंतर सुट्टीत उसाला पाणी पाजताना सरीत उभा राहून मोठमोठ्यानं शुद्ध बोलायची सवय केली. पलीकडच्या रानातले म्हणायचे, ह्येला काय झपाटलंय का काय. दोन वर्षांत मी वक्तृत्वाच्या ढाली आणायला लागलो. त्याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. ते मला कुणी फुकट दिलेलं नाही.

पण भाषा बदलली ती घरातही बदललीच. आई एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "तू आता पावण्यागत बोलतुयास रं." मी हसलो. ती हसली नाही.

लग्न राहून गेलं. त्याचंही कारण सगळ्या जिल्ह्याला माहीत असलेलंच आहे. मी पंधरा वर्षं तासिका तत्त्वावर होतो, तासाला ठरलेलं मानधन, सुट्टीत काहीच नाही. मुलीकडची माणसं यायची. मुलगा काय करतो? प्राध्यापक आहे. "पर्मनंट हाय का?" नाही, पण होईल. मग चहा पिऊन उठायची. एक म्हातारबा तर चपला घालता घालता म्हणाले, "एवढं चांगलं बोलाय येतंय तर कुणा पुढाऱ्याच्या मागं लागा की, लवकर पर्मनंट व्हशीला." पुढाऱ्याच्या मागं न लागताच पर्मनंट झालो, तोवर चाळिशी उलटली होती आणि मध्यस्थांनी माझं नाव सांगायचं सोडून दिलं होतं. बसस्टँडच्या मागं दोन खोल्या आहेत. मेसचा डबा येतो. दिवसभर इतकं बोलतो, पण पाच वाजता कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडलो की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत माझा आवाज माझ्याच कानावर पडत नाही.

तो पडायचा रक्षाविसर्जनाला.

आमच्याकडं माणूस गेला की तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायला गाव जमतं. रक्षा भरतात, नैवेद्य ठेवतात, आणि कावळा शिवायची वाट बघत सगळे बसतात. त्या वेळात भाषणं होतात. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पै-पाहुण्यांतले कुणी मोठे, प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे असतात आणि कोण कुणाच्या आधी बोललं हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवलं जातं. म्हणून माईकवर असा माणूस लागतो, जो कुठल्याच पार्टीचा नाही. मला बायको नाही, पोर नाही, निवडणूक नाही. माझं नाव सगळ्यांना चाललं. मोबाईलवर काळ्या चौकटीचा फोटो आला की पाठोपाठ फोन यायचा, "सर, उद्या साडेआठला या, गाडी पाठवतो."

मी जायचो. घरच्यांना बाजूला घेऊन चार गोष्टी विचारायच्या, पाठकोऱ्या कागदावर नावांची यादी करायची आणि माईक हातात घ्यायचा. यादी करताना कानाला लागणारे असतातच. "सर, माझं नाव घेतलंसा न्हवं?" "त्येच्या आदी माझं घ्या, न्हाईतर मी बोलणारच न्हाई बघा." मयताच्या घरची रडारड एका बाजूला आणि ही धांदल एका बाजूला. पण सगळं सुरळीत पार पडलं की माणसं येऊन हात हातात घ्यायची, "लय झकास बोललासा सर." खरं सांगतो, मला ते आवडायचं. त्या सकाळी निदान कुणीतरी माझी वाट बघत असायचं.

आता त्या मुलीबद्दल. ती दुसऱ्या वर्षाला होती. वडील लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि पुढं साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षक. ते तिथंच खोली करून राहायचे, महिन्यातून एकदा गावी यायचे. थोरला भाऊ लष्करातच. घरी आई, आणि शेजारच्या घरात चुलते. पहिल्या वर्षी ही मुलगी उभी राहिली की तिच्या ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी व्हायची. आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचा नाही. वर्षाच्या शेवटी मात्र तिचा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीवर जाऊन आपटायला लागला. मी विचारलं, सराव कुठं करतेस? म्हणाली, "फोनवर सर. अप्पा ड्युटीवरून आले की संध्याकाळी फोन करतात. मी बोलते, ते घड्याळ लावतात."

एकदा ते अप्पा स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. ताठ, केस बारीक कापलेले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. "सर, पोरीला बोलाय शिकवलासा," म्हणाले. "मला ऑर्डर ऐकायची सवय. बोलायचं आपल्याला जमलं न्हाई." मी म्हटलं, पुढच्या स्पर्धेला ऐकायला या. "येतो की. फोनवर चार मिनिटं वीस सेकंदांत आटपती, लय फास्ट जाती. समोर बसून बघतो, कुटं पळती ती." एवढं बोलून ते गेले. त्यांच्या मानानं ते भाषणच झालं म्हणायचं.

ती स्पर्धा झालीच नाही त्यांच्यासाठी. गेटवर ड्युटीवर असतानाच छातीत कळ आली.

मला तिच्या चुलत्यांचा फोन आला, उद्या सकाळी रक्षाविसर्जनाला या. तासाभरानं मुलीचा आला. रडत नव्हती. आवाज मी शिकवला होता तसाच, सावकाश आणि स्पष्ट.

"सर, उद्या मला बोलायचंय."

म्हटलं, घरात विचारलंस का?

"काका म्हणतात, बायकांनी तिथं बोलायची पद्धत नाही. पण गावाला वाटतं अप्पा कुणाशी बोलतच नव्हते. गावात त्यांना मुका हवालदार म्हणतात. ते माझ्याशी रोज बोलायचे, सर. अर्धा अर्धा तास. ड्युटीचं, फौजेतलं, त्यांच्या लहानपणीचं. एवढंच सांगायचंय. तीन मिनिटं पुरेत."

मी म्हणालो, "तू बोलणार. तुझं नाव यादीत असेल."

हा शब्द मी दिला होता.

सकाळी लवकर पोचलो आणि आधी चुलत्यांना गाठलं. ते टॉवेल खांद्यावर टाकून खुर्च्या लावून घेत होते. मी सांगितल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आवं सर, आमच्यात आजवर कुठली बाई बोलली न्हाई. लोक काय म्हंतील?" मी म्हटलं, लोक म्हणतील, हवालदारांनी मुलीला शिकवलं. त्यांनी हातातली खुर्ची जागेवर ठेवली. मग म्हणाले, "तुमी म्हंताय म्हणून. पर आवरतं घ्याय सांगा."

म्हणजे अवघड काम झालं होतं. उरलं होतं ते माझं सोपं काम, यादी.

अकरा नावं झाली. तिचं बारावं. मी तिला शेवटी ठेवलं. त्याचं कारण मी तेव्हा स्वतःला असं सांगितलं की स्पर्धेत सगळ्यांत चांगला वक्ता शेवटी ठेवतात. आधीच्यांचं सगळं विसरून माणसं त्याचंच घेऊन घरी जातात. तिला जागा मानाची देतोय. तिला तसं सांगितलंही. बायकांच्या घोळक्यात आईला धरून ती उभी होती. तिनं मान हलवली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

दुसरं कारण मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. साखर कारखान्याचे संचालक, चेअरमन, दोन्ही पार्ट्यांचे आजी-माजी सरपंच, यांच्या आधी एका पोरीचं नाव पुकारायची माझी छाती झाली नाही.

नैवेद्य ठेवला. पुरुष खुर्च्यांवर आणि सतरंजीवर, बायका पलीकडं सावलीत. मी माईक हातात घेतला आणि पहिलं वाक्य बोललो, "शब्द कमी आणि कर्तव्य जास्त, असं आयुष्य जगलेला एक शिपाई आज आपल्यातून गेला." माणसांच्या माना हलल्या. वाक्य चांगलं बसलं होतं. रात्री ते मीच जुळवलं होतं, तिचा फोन झाल्यावर.

मग प्रत्येकानं तेच धरलं. सरपंच म्हणाले, अबोल माणूस. माजी सरपंच म्हणाले, कधी कुणाशी वर तोंड करून बोलला नाही. माजी सैनिकांच्या वतीनं जे बोलले त्यांनी तर, "आमचा हवालदार म्हंजे बंदूक साफ करणार आन गप बसणार," असं सांगितलं आणि त्याही जागी दोघंतिघं हसले. मी बायकांच्या बाजूला बघायचं टाळत होतो. एक-एक नाव पुकारत होतो.

आठव्या नावावर संचालक आले. त्यांनी हवालदारांपासून सुरुवात केली आणि गाळपाच्या हंगामापर्यंत गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. माझ्या वर्गातला मुलगा पाच मिनिटांवर एक श्वास जास्त घेईल तर मी दोनदा घंटी मारतो. इथं मी माईकच्या मागं हात बांधून, मान डोलवत उभा होतो. शेजारी बसलेल्या एकानं मला हळूच डिवचलं, "सर, तुमची घंटी घरी ऱ्हायली वाटतं." मीही हसलो.

नववे बोलून झाले आणि दहाव्याचं नाव मी पुकारतोय तोच कडेच्या बाभळीवरून कावळा उतरला. सहसा तो तासतासभर येत नाही. माणसं हात जोडतात, पोरीचं लग्न करून देतो, अमुक करतो तमुक करतो म्हणून कबूल करतात, तेव्हा कुठं येतो. त्या दिवशी काहीच न म्हणता आला, थेट भातावर बसला.

"शिवला! शिवला!"

सगळीकडं एकदम सैल झालं. "समाधानी जीव हुता गड्या, लगेच शिवला बघ." खुर्च्या सरकल्या. माणसं उठली, धोतरं-पँटी झटकल्या, कुणी गाडीची किल्ली काढली. आमच्याकडं कावळा शिवला की काम संपलं. मागं थांबायचं नसतं.

मी माईक तोंडाजवळ नेला. म्हटलं, "थोडं थांबावं, अजून..." माझा आवाज स्पीकरमधून बाहेर पडला आणि उठलेल्या माणसांत विरून गेला. काही जण थांबले, वळून बघितलं. चुलते माझ्याजवळ आले. रागावले नव्हते, उलट मोकळे झाल्यासारखे दिसत होते. "ऱ्हाऊ द्या आता सर. शिवला की. आता कोण ऐकतंय? उनात माणसं हाईत."

मी थांबवू शकलो असतो. वीस वर्षं मी हेच शिकवतोय, पांगणारी सभा एका वाक्यात कशी धरून ठेवायची. मला ते वाक्य येत होतं. "हवालदारांची मुलगी बोलणार आहे," एवढं म्हणायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आपण श्रद्धांजली वाहू."

आणि त्या दोन मिनिटांत मला बघावंच लागलं. ती घोळक्यातून दोन पावलं पुढं येऊन उभी होती. हात मोकळे सोडलेले, पाय किंचित अंतरावर, हनुवटी सरळ. बोलायला उभं राहायचं तसं. सगळ्यांच्या माना खाली होत्या, तिची नव्हती. दोन मिनिटं झाली, मी "ओम शांती" म्हणालो, आणि ती मागं आईकडं गेली.

तिचा लष्करातला भाऊ येऊन माझ्या पाया पडला. "सर, तुमी आलासा, बरं वाटलं." संचालकांनी पाठीवर हात ठेवला, "ते शब्द कमी, कर्तव्य जास्त, वा!" मला स्टँडवर सोडणारा मोटरसायकलवाला वाटेत म्हणाला, "सर, बारा जण बोलणार हुते न्हवं? नऊच झाले की." म्हटलं, हो, राहिले तिघं.

तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. काय बोलायचं हे आधी जुळवून घ्यायची मला सवय, आणि हे काही केल्या जुळेना. दोन-तीनदा मोबाईल हातात घेऊन खिडकीशी बसलो. स्टँडवरची आरोळी ऐकू येत होती, शिराळा, शिराळा. डबा उघडला, परत झाकला.

तोंडी परीक्षा तीन आठवड्यांनी होती. तिच्या हजेरीत खाडे पडले होते, मला वाटलं येणार नाही. आली. पांढरा साधा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. आत एकावेळी एकच विद्यार्थी असतो आणि ऐकणारा मी एकटा. टेबलावरच्या चिठ्ठ्यांतून तिनं एक उचलली, उलगडून वाचली, "प्लास्टिकमुक्त गाव." दोन मिनिटं विचाराला असतात, ती तिनं घेतली नाहीत.

बोलायला लागली. मी इतक्या वर्षांत इतकं नेटकं भाषण ऐकलेलं नाही. सुरुवात, मधला भाग, शेवट, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. ओढ्याकडेला अडकलेल्या पिशव्या मला दिसल्या. एकही शब्द अडखळला नाही, एकही 'हाय' नाही की 'न्हाई' नाही. पहिल्या घंटीला ती शेवटाकडं वळली आणि दुसरी मारायची वेळच तिनं माझ्यावर आणली नाही. आणि हे सगळं बोलताना ती माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडं बघत होती. तिथं काहीच नाही. चुना उडालेली भिंत आहे.

ती जायला वळली तेव्हा मी म्हणालो, "थांब जरा."

थांबली.

"ते तुझं त्या दिवशीचं... राहिलेलं. मला ऐकव. आत्ता. घंटी लावत नाही मी."

"नको सर."

"माझी चूक झाली. मी तुला आधी घ्यायला हवं होतं."

"ते तिथं बोलायचं होतं, सर. त्या माणसांना सांगायचं होतं." तिनं दप्तराचा बंद खांद्यावर सारखा केला. मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला तर माहीत होतं."

आवाज चढवला नाही. दम लागला नाही. जेवढे शब्द हवेत तेवढेच. मी काही म्हणायच्या आत "येते" म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.

मूल्यमापनाचा कागद समोर होता. मांडणी पाच, उच्चार पाच, आवाज चार, वेळ तीन, नजरभेट तीन. पहिले चारही रकाने मी पूर्ण भरले, त्यात हात राखण्यासारखं काही नव्हतं. नजरभेटीशी पेन थांबलं. श्रोता मी एकटा, आणि पाच मिनिटांत तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. माझ्या नियमानं तिथं शून्य येत होतं. तो नियम मीच केलेला, मोठ्या बापाच्या पोरांनाही लावलेला. बाहेर पुढचे विद्यार्थी कुजबुजत होते. मी तिथं तीन लिहिले.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये बेरजा तपासायला एक सहकारी बसले होते. कागद चाळता चाळता थांबले आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "सर, इथं काहीतरी चुकलंय बघा. तुमच्या हातून वीसपैकी वीस? सतराच्या वर तुम्ही कधी गेला नाहीत."

"बरोबर आहे ते."

"एवढं चांगलं बोलली?"

मी हो म्हणालो. त्यांनी पुढचा कागद घेतला.